मांडवाची उंची

द्वारकामावशी कुठलाही प्रश्न दोनदा विचारायची. एकदा सकाळी आणि एकदा दुपारी, मध्ये बरंच काही घडून गेल्यावर. सकाळचं उत्तर तिच्या लक्षात असे आणि दुपारचं त्याच्याशी जुळलं नाही तर ती काही बोलत नसे, फक्त मान एकदा हलवून कामाला लागे. ती मान हलवणं मला तिच्या रागावण्यापेक्षा जास्त लागायचं.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दहा वर्षांची होते. पुण्यात काकूकडे राहून इंग्रजी शाळेत शिकत होते आणि नाताळच्या सुट्टीत नारायणगावजवळच्या आमच्या मळ्यावर आले होते. बागेत विरळणी चालू होती. म्हणजे द्राक्षाच्या घडातले जादा मणी बारीक कात्रीने काढून टाकायचे. तिच्या टोळीत बारा बाया होत्या आणि सगळ्या महाळुंगे पडवळहून टेम्पोने यायच्या. मी बांधावर पुस्तक घेऊन बसले होते.

"नाव काय गं तुझं?"

मी सांगितलं.

"कितवीत?"

"पाचवीत."

दुपारी भाकरी खाऊन झाल्यावर ती परत माझ्यापुढे उभी राहिली. "कितवीत म्हणलीस?"

"फिफ्थ," मी घाबरून म्हणाले.

तिने मान हलवली. मग बायांकडे वळून म्हणाली, "सकाळी येक सांगती, दुपारी येक. विंग्रजीत खोटं बोलाया सोपं पडत असंल."

बाया हसल्या. मी कानापर्यंत लाल झाले. तेव्हापासून मी तिला टाळू लागले आणि तिच्याकडे बघूही लागले. लाजाळू माणसाला दुसरं काही करता येत नाही.

ती बुटकी होती. अंगाने काटक, डोक्यावर घट्ट अंबाडा, लुगड्यावर मुलाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट. कमरेला कात्री आणि हातात तिच्याहून उंच अशी बोरीची एक काठी. त्या काठीवर कोयत्याने पाडलेल्या खाचा होत्या. एक खाच दोन वेलांमधल्या अंतराची, एक दोन ओळींमधल्या अंतराच्या निम्म्याची आणि सगळ्यात वरची, शेंड्याजवळची, वेल पसरतात त्या तारांच्या मांडवाच्या उंचीची. काठी ती कुणाच्या हातात देत नसे. जेवतानाही मांडीवर आडवी ठेवायची. सुमन नावाची एक तरुण बाई तिच्या टोळीत होती, तोंडाने फटकळ. ती म्हणायची, "मावशी काठी घेऊनच सरणावर चढंल."

"चढंन की. तुमी लाकडं कमी घातली तर मोजाया नको?"

तिचा संशय रिकामा नव्हता. एका वर्षी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मांडवाच्या जुन्या तारा काढून नव्या ओढून घेतल्या. ऑक्टोबर छाटणीनंतर टोळी आली. मावशीने पहिल्या ओळीत पाऊल टाकलं, काठी तारेखाली उभी धरली आणि तिथूनच हाक मारली, "अण्णा, मांडव दोन बोटं वर घेतलाय तुमी."

"फवारणीचा ट्रॅक्टर खालून जायला नको का, द्वारकाबाई? दोन बोटांनी काय होतंय?"

"तुमाला काय व्हतंय! तुमचं डोस्कं तारंला लागतंय. आमी दिवसभर हात वर करून ऱ्हातो. दोन बोटं तुमाला. आमाला मानंपासून हिथवर," असं म्हणून तिने स्वतःच्या मानेपासून कोपरापर्यंत बोट ओढून दाखवलं.

अण्णा हसले, पण चार दिवसांनी तारा खाली आल्या. ट्रॅक्टरवाल्याला वाकून जावं लागलं.

तिच्या संशयाचा जास्त भार मात्र तिच्या बायांवरच असे. कुणी दुखणं सांगितलं की ती आधी खोटं धरायची आणि मग तपासायची. तिची तपासण्याची रीत मी पाहिली आहे. एका हिवाळ्यात सुमन म्हणाली की तिचा खांदा धरलाय, आज हात वर जात नाही. मावशी म्हणाली, "बरं, बस सावलीत." आणि दिवसभर पुन्हा तिच्याकडे पाहिलं नाही, निदान आम्हाला तसं वाटलं. संध्याकाळी टेम्पोपाशी वाऱ्याने सुमनचे केस सुटले. तिने दोन्ही हात मागे नेऊन झटक्यात अंबाडा बांधला.

"खांदा बरा झाला वाटतं," मावशी टेम्पोच्या फाळक्यापाशी उभी राहून म्हणाली.

सुमनचे हात केसातच राहिले.

"ज्याचा खांदा खरा गेला त्याला केस बांधता येत न्हाई. सगळं करील, भाकरी थापील, धुणं पिळील. केसाला हात न्हाई जायचा." दुसऱ्या दिवशी तिने सुमनला आणलं नाही, तिसऱ्या दिवशी आणलं. मी तेव्हा आठवीत असेन. हे मावशीला कुणी शिकवलं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

मी बारावीला असताना दिवाळीत ती पडली. पडली म्हणता येणार नाही, पडता पडता लटकली. वेलींची जादा फूट काढायचं काम चालू होतं. उंच शेंडे तिच्या हाताला येत नसत, म्हणून ती उलट्या क्रेटवर उभी राहून काम करायची. क्रेट ओल्या मातीत कलंडलं. तिने उजव्या हाताने वरची तार पकडली आणि क्षणभर तिचं सगळं अंग त्या एका हातावर आलं. मी बांधावरून पाहत होते. आवाज मला ऐकू आला नाही, पण ती नंतर सांगायची की आतून कापड फाटल्यासारखं झालं.

ती उभी राहिली आणि क्रेटकडे बघून म्हणाली, "हे फुटकं क्रेट कुणी ठेवलं हिथं?" क्रेट फुटकं नव्हतं.

गावातल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं. त्यांनी गोळ्या दिल्या, पंधरा दिवसांनी खांद्यात एक इंजेक्शन दिलं आणि हाताला आराम द्यायला सांगितलं. इंजेक्शनने दुखणं कमी झालं, त्यामुळे आराम तिने दिला नाही. विरळणीला ती हजर झाली.

नाताळात मी आले तेव्हा मला पहिल्यांदा दिसली ती तिची वेणी. द्वारकामावशीच्या डोक्यावर मी वेणी कधी पाहिली नव्हती. पाठीवर नीट घातलेली, खाली लाल रिबीन. स्वतःच्या हाताने कुणी तशी घालत नाही. सुमनही तिकडेच बघत होती. आमची नजरानजर झाली आणि दोघींनीही ती लगेच काढून घेतली.

मावशी कात्री डाव्या हाताने चालवत होती. उजवा हात वर न्यायचा झाला की आधी खांदा कानाकडे उचलायची, मग अंग तिरकं करायची, आणि तरी हात छातीच्या वर जायचा नाही. बाया आपसात कुजबुजायच्या. फोटोत तर काही निघालं नाही, मग हे काय? एवढी वर्षं तिने आमचं खरं खोटं केलं, आता तिचं कोण करणार? सुमन मोठ्याने म्हणाली, "मावशी, सावलीत बसा. आमी न्हाई बघायचो."

मावशीला ते बरोबर लागलं. ती तरातरा अण्णांकडे गेली. "मांडव वर घेतलाय तुमी."

"काय?"

"यंदा परत घेतलाय. माझा हात पोचंना. उगी न्हाई पोचत."

"द्वारकाबाई, तारेला हात लावला नाही कुणी."

"मोजू?"

"मोजा."

सगळ्या बाया काम थांबवून उभ्या राहिल्या. मावशीने काठी आणली. मला बोलावलं, कारण तिच्या लेखी मी अजून कुणाच्याच बाजूची नव्हते, आणि म्हणाली, "तू बघ. काठी भुईला नीट टेकलीया ना?" मी वाकून पाहिलं. टेकली होती. "वर बघ आता. खाच कुठं हाय?"

खाच तारेला लागूनच होती. एक केसही वर नाही, एक केसही खाली नाही.

"तारेवरच आहे, मावशी."

ती बराच वेळ खाचेकडे बघत राहिली. मग दुसऱ्या ओळीत गेली आणि तिथे मोजलं, मग तिसऱ्या ओळीत. सगळीकडे मांडव जिथे होता तिथेच होता. चौथ्या ओळीपाशी ती थांबली आणि काठी खाली ठेवून तिने उजवा हात डाव्या हाताने धरला, जसं एखादं परकं मूल धरावं. कुणीही हसलं नाही. सुमनसुद्धा.

जानेवारीत तिचा मुलगा तिला मंचरला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्या डॉक्टरांनी काय केलं हे ती पुढे सगळ्यांना करून दाखवायची. त्यांनी तिला हात वर करायला सांगितलं. जाईना. मग त्यांनीच तिचा हात धरून अलगद वर नेला. गेला, अगदी कानापर्यंत. मग म्हणाले, मी सोडतो, तुम्ही धरून ठेवा. त्यांनी सोडला आणि हात धपकन खाली आला.

"माझाच हात. मला न इचारता पडला," ती सांगायची.

सांधा आखडला असता तर दुसऱ्याने उचलूनही हात वर गेला नसता, डॉक्टर म्हणाले. म्हणजे सांधा मोकळा आहे, पण त्याला उचलणारं काहीतरी तुटलंय. ते एक्स-रेत दिसत नाही, एक्स-रे फक्त हाड दाखवतो. त्यांनी पुण्याला पाठवून एमआरआय करवला. रिपोर्ट तिने डॉक्टरांकडे नेण्याआधी आमच्याकडे आणला. तो इंग्रजीत होता आणि डॉक्टर काय सांगतील ते कागदाशी जुळतं का हे ताडायला, त्यात काय आहे ते तिला आधीच माहीत हवं होतं.

संक्रांतीचा दिवस होता, मी घरी होते. ती ओट्यावर बसली, अण्णांनी तिच्या हातातला कागद घेऊन चाळला आणि मला आत बोलावलं.

"बघ, मी वरवर पाहिलंय ते. खांदा फाटलाबिटला म्हणून सांगू नकोस. घाबरेल ती. सूज आहे, आराम लागेल, एवढंच सांग. तोडणी झाली की मी स्वतः घेऊन जातो तिला."

तोडणी म्हणजे अजून दीड-दोन महिने. ती असली की टोळी येते, ती नसली की बाया दुसऱ्या बागेत जातात, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. अण्णा हे तिच्यासाठी म्हणत होते की बागेसाठी, ते मला तेव्हा कळलं नाही. खरं सांगायचं तर आजही कळलेलं नाही. मी विचारलंही नाही कधी.

अण्णांच्या मागोमाग ओट्यावर येऊन मी कागद हातात घेतला. सगळे शब्द मला येत नव्हते, पण पुरेसे येत होते. खांद्याचा गोळा जागेवर धरून ठेवणाऱ्या स्नायूंपैकी वरच्याची दोरी आरपार फाटली होती आणि फाटलेलं टोक मागे सरकलं होतं.

"खांद्यात सूज आहे," मी म्हणाले. "आराम करायचाय."

मावशीने कागदाकडे पाहिलं. "येवढा कागूद, आन् येवढंच?"

"हो."

तिने मान हलवली नाही. तिळगूळ घेतला, कागद चारपदरी घडी घालून चोळीत ठेवला आणि निघून गेली. मला वाटलं सुटले. पण तिची रीत मला ठाऊक होती, तेव्हा सुटले असं मला खरंच वाटलं होतं का, कोण जाणे.

दुपारी मी एकटी पडवीत होते. ती समोर येऊन उभी राहिली, कागद पुढे केला. "वाच परत."

"सूज आहे, मावशी. आणि..."

"सकाळी सूज म्हणताना तू कागदाकडं बघत न्हव्हतीस," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "बापाकडं बघत व्हतीस. आता बाप न्हाई हिथं. वाच."

मी वाचलं. एकेक ओळ, बोट ठेवून, माझ्या अडखळत्या मराठीत. ती ऐकत राहिली. "आरपार फाटलंय" म्हटल्यावर डोळे मिटले. "मागे सरकलंय" म्हटल्यावर उघडले.

"मागं?"

"हो. टोक जागेवर नाही राहिलं."

"तार तुटल्यावानी." तिने बाहेर मांडवाकडे पाहिलं. "ताणातली तार तुटली की मागं पळती. लगीच धरली तर खांबापतूर येती. चार म्हैनं पडू दिली तर गंजून आखडती, मग कितीबी वढ." तिने डावा हात उजव्या खांद्यावर ठेवला. "आन् मी तसल्या खांद्यानं विरळणी केली."

मी रडायला लागले. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. कागद घेतला, अण्णा खळ्यात होते तिकडे गेली आणि कमरेची कात्री काढून त्यांच्यासमोर कट्ट्यावर ठेवली.

"तोडणी सुमन बघंल. टोळी येईल, काळजी नगं. म्या सांगती तिला."

माझ्याबद्दल ती काही बोलली नाही. ते बोलली असती तर बरं झालं असतं.

सुमनला टोळी देताना मात्र तिने तिला एक प्रश्न विचारला, सगळ्यांसमोर. "त्या साली तुझा खांदा खरंच दुखत व्हता का गं? मी उगी तुला घरी ठिवलं का?"

सुमन गोंधळली. मग म्हणाली, "न्हाई मावशी. त्या साली मी खोटंच बोलले व्हते."

"मला वाटलंच," मावशी म्हणाली, आणि त्या महिन्यात पहिल्यांदा हसली.

डॉक्टरांनी सांगितलं ते तिच्या तारेपेक्षा फार वेगळं नव्हतं. तीस वर्षं हात डोक्याच्या वर ठेवून केलेल्या कामाने ती दोरी आतल्या आत झिजत आली होती, लटकल्याच्या झटक्याने ती तुटली. काहींचं नुसत्या व्यायामाने भागतं, पण हिची फाट मोठी होती, ताजी होती, आणि हिला हाताने काम करायचं होतं. उशीर केला तर टोक ओढून येणार नाही, स्नायूही वाळून जाईल. दुर्बिणीने छोट्या भोकांतून आत जाऊन ते टोक हाडाला टाक्यांनी बांधायचं ठरलं. अण्णांनी स्वतः गाडी काढली आणि दिवसभर दवाखान्याच्या बाकड्यावर बसून राहिले. त्यांच्या मनात काय होतं हे मी त्या बाकड्यावरही शोधत होते.

शुद्धीवर आल्यावर मावशीने डॉक्टरांना विचारलं, "बांधलं? कशावरून?"

त्यांनी आतले फोटो दाखवले. पांढरं हाड, त्यावर निळा दोरा. तिने ते पुष्कळ निरखले. "ह्यो माझाच खांदा कशावरून? समद्यांचा आतून सारकाच दिसत असंल."

डॉक्टर हसून म्हणाले, "आजी, हात वर गेला की तुमचाच."

सहा आठवडे हात झोळीत. मग वाकून हात लोंबता सोडून हळूहळू झुलवायचा. मग व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलं, एक काठी दोन्ही हातांत आडवी धरा आणि चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला वर न्या. त्यांच्याकडे प्लास्टिकचा दांडका होता. मावशीने तो परत दिला आणि दुसऱ्या वेळी जाताना बोरीची काठी नेली. त्यानंतर भिंतीवर बोटांनी चढत जायचं. घरच्या भिंतीवर तिने कोळशाने रेघा मारल्या होत्या, आणि सून सांगायची की रोज सकाळी ती आधी कालची रेघ कुणी खाली तर आणली नाही ना, हे वितीने मोजून बघते.

मी त्या वर्षी तिला फारशी भेटले नाही. मला धीर होत नव्हता.

पुढच्या दिवाळीत ती मळ्यावर आली. टोळीबरोबर नाही, मुलाच्या मोटरसायकलवर, एकटीच. डोक्यावर अंबाडा होता. थोडा सैल, उजवीकडे कललेला, पण अंबाडा होता. सुमनने तो पाहिला आणि काहीच न बोलता पुन्हा कामाला लागली.

"ये गं हिकडं," मावशीने मला हाक मारली. अण्णाही मागोमाग आले.

ती पहिल्या ओळीत मांडवाखाली उभी राहिली. काठी वेलाला टेकवून ठेवली. "मी हात वर करती. तू वर बघू नगंस. माझ्या टाचा बघ."

मी ओल्या मातीत गुडघे टेकले. तिने चपला काढल्या. भेगाळलेल्या दोन टाचा माझ्या नजरेसमोर होत्या. वरून तिचा श्वास ऐकू येत होता, लांब, मध्ये मध्ये तुटणारा. मग अण्णांचा आवाज आला, "लागला! द्वारकाबाई, तारेला हात लागला बघा!" तिकडून बायांनी टाळ्या वाजवल्या.

मी टाचांकडे पाहत होते. डावी मातीत रुतलेली होती. उजवीच्या खाली उजेडाची एक फट होती.

सगळे हसत होते. अण्णा माझ्याकडे बघत होते, मला ते न बघताही कळत होतं.

"उजवी टाच उचललीय, मावशी," मी म्हणाले. "बोटभर."

टाळ्या थांबल्या. तिने हात खाली आणला. पडू दिला नाही, सावकाश, सांभाळून आणला.

"परत इचारते. उचलली व्हती?"

"हो."

"किती?"

"बोटभर."

तिने मान हलवली नाही. वेलाला टेकवलेली काठी घेतली, कोयता मागवला, तो माझ्या हातात दिला. आणि मग काठीही दिली.

"धर. वरच्या खाचंच्या खाली बोटभर. तूच पाड."